हातचा सुटू नये म्हणून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर. छापताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख "संगणकावर काम करते" अशी करून दिली. सकाळपासून चहाच्या टेबलापाशी निदान आठ जणांनी मला विचारलं, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" माझ्या सासूबाईंचं मत असं आहे की मी दिवसभर टाईप करते. नुसतं टाईप करणाऱ्या माणसाला पगार कशाला देतात, हे काही त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणून मला मिळालेल्या पंधरा मिनिटांत मी एकाच लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहे. कीबोर्डवरचे शॉर्टकट. विषय ऐकून काहींनी घड्याळाकडे बघितलं ते मला दिसलं. पण जेवणानंतर आपल्या बॅचने जमवलेल्या निधीचं काय करायचं यावर चर्चा आहे, आणि त्याबद्दल मला जे म्हणायचंय ते या शॉर्टकटांवरूनच सुचलेलं आहे. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी कामाबद्दल. मी ज्या प्रणालीवर काम करते ती विम्याचे हप्ते काढते. तिचा कोड काही लाख ओळींचा आहे आणि तो गेल्या पंधरा वर्षांत अनेकांनी मिळून लिहिलाय. त्यातले निम्मे लोक आता कंपनीत नाहीत. माझ्या दिवसातला मोठा भाग हा कोड वाचण्यात जातो. लिहिणं त्यामानाने थोडंच. समजा तक्रार आली की एका ग्राहकाचा हप्ता ११ रुपयांनी जास्त येतोय. मी पडद्यावरच्या त्या आकड्यापासून सुरुवात करते. हा आकडा कुठल्या फंक्शनमधून आला? ते फंक्शन वयोगटावरून दर ठरवतं. वयोगट कोण ठरवतं? ते दुसऱ्या फाइलमध्ये. तिथे वय काढताना कुठली तारीख धरली आहे, अर्ज भरल्याची की पॉलिसी सुरू झाल्याची? ते तिसरीकडे. असं चार-पाच पायऱ्या खाली उतरायचं, आणि उतरताना वरच्या प्रत्येक पायरीवर काय पाहिलं ते डोक्यात धरून ठेवायचं.

आपल्याला गणिताच्या बाई गुणाकार शिकवताना हातचा वर लिहायला लावायच्या. आठवतं? सात आठे छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणी पेन्सिल मागितली की पाचाचे तीन व्हायचे. प्रोग्रॅमरच्या डोक्यात असे पाच-सहा हातचे एकदम असतात आणि ते वर लिहून ठेवायला जागा नसते. शॉर्टकटचा माझ्या लेखी खरा उपयोग हा आहे: हातचा सुटू नये.

वेळ वाचतो असं सगळे म्हणतात. त्याचा हिशोब आपण करून बघू, इथे गणिताच्या दोन बाई आहेत, त्या चूक काढतील. १९८० साली कार्ड, मोरान आणि न्यूएल या तिघांनी संगणकावरच्या साध्या हालचालींना लागणारा सरासरी वेळ मांडला. हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद. माऊसचा बाण हव्या त्या जागी न्यायला १.१ सेकंद. सराईत टायपिस्टला एक बटण दाबायला ०.२ सेकंद. आणि पुढची कृती ठरवण्यासाठी मनातल्या मनात जो क्षण जातो त्याला १.३५ सेकंद.

आता एखादं फंक्शन मुळात कुठे लिहिलंय ते माऊसने बघायचं. हात माऊसवर, बाण त्या नावावर, उजवी क्लिक, उघडलेल्या यादीत योग्य ओळीवर बाण, पुन्हा क्लिक, हात परत कीबोर्डवर. बेरीज केली की साधारण साडेतीन सेकंद. हेच काम एफ-१२ या एका बटणाने पाव सेकंदात होतं. म्हणजे दर वेळी तीन सेकंद वाचले. दिवसातून दोनशे वेळा केलं तर सहाशे सेकंद, दहा मिनिटं. आमच्या ऑफिसात चहाच्या एका खेपेला याहून जास्त वेळ जातो!

शिवाय या हिशोबाला एक जुनी हरकतही आहे. ॲपल कंपनीत काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिलं होतं की घड्याळ लावून मोजलं तर माऊसच वेगवान निघतो. लोकांना मात्र कीबोर्डच वेगवान वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की शॉर्टकट आठवण्यात दोन सेकंद जातात, पण त्या वेळात डोकं आठवण्याच्या कामात इतकं गुंतलेलं असतं की ते दोन सेकंद गेल्याचं कळतच नाही. शॉर्टकटची भक्ती करणाऱ्या मंडळींना हे झोंबतं. मला ते बरचसं बरोबर वाटतं, पण अर्धवट पाठ असलेल्या शॉर्टकटपुरतं. जो आठवावा लागतो तो शॉर्टकट कामाचाच नाही, कारण आठवताना हातचा सुटतो. जो बोटात बसलाय, सायकलच्या ब्रेकसारखा, त्याला विचार लागत नाही. मग डोळे त्याच ओळीवर राहतात आणि डोकं त्याच प्रश्नावर.

म्हणून शंभर शॉर्टकटांचं पोस्टर टेबलासमोर चिकटवणाऱ्यांना मी हसते. तिथे ते कॅलेंडरसारखं लटकत राहतं. मी व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर वापरते. तो २०१५ मध्ये आला, फुकट मिळतो, आणि आज नव्या मुलांपैकी बहुतेक त्यावरच शिकतात. त्यातले पाच-सहा शॉर्टकट माझ्यासाठी खरे कामाचे, आणि त्यातले बहुतेक वाचण्यासाठीचे आहेत.

एफ-१२ सांगितलाच. त्याच्या जोडीला आल्ट आणि डावा बाण: जिथून आलो तिथे परत. ही जोडी एकत्रच शिकायची. विहिरीत उतरणाऱ्याला दोर दोन्ही वेळा लागतो. पाच फाइल्स खोल गेलेल्या माणसाला पाच वेळा आल्ट-बाण दाबून मूळच्या ओळीवर, अगदी त्याच अक्षरापाशी येता येतं. शिफ्ट आणि एफ-१२ याच्या उलट काम करतो: हे फंक्शन कोण कोण वापरतं त्याची यादी. आपण इथे बदल केला तर कुणाच्या घरी भांडी वाजणार आहेत, ते आधी कळतं. कंट्रोल-पी दाबून फाइलच्या नावातली चार अक्षरं मारली की फाइल समोर. डावीकडच्या फोल्डरांच्या झाडावर चढउतार नको. आणि ज्याला एकही शॉर्टकट आठवत नाही त्याने फक्त कंट्रोल-शिफ्ट-पी लक्षात ठेवावा. तिथे हव्या त्या कामाचं नाव टाईप केलं की ते काम होतं, आणि शेजारी त्याचा शॉर्टकटही लिहिलेला दिसतो.

लिहिण्याच्या बाजूचा एकच सांगते, एफ-२. त्याने नाव बदलता येतं. विम्याच्या कोडमध्ये 'दर' या अर्थाचं एकच नाव चाळीस ठिकाणी असतं. कुठे तो व्याजाचा दर, कुठे कराचा, कुठे हप्त्याचा. शोधा-आणि-बदला केलं तर तिन्ही बदलतात आणि गोंधळ होतो. एफ-२ फक्त तेच नाव बदलतो जे खरोखर त्याच गोष्टीचं आहे, मग ते कितीही फाइल्समध्ये असो. कारण तिथे एडिटर अक्षरं जुळवत बसत नाही, व्याकरण बघतो. मराठीच्या सरांना हे आवडेल. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे टॅक्स आणि 'कर' म्हणजे आज्ञार्थ, हे कळणाऱ्यालाच खोडरबर हातात द्यावं.

शिकायची माझी पद्धत अशी: आठवड्याला एक. पिवळ्या चिठ्ठीवर तो एकच लिहून पडद्याच्या कडेला लावायचा. आठवडाभर त्या कामासाठी माऊसला हात लावायचा नाही, सुरुवातीला वेळ जास्त लागला तरी. ज्या दिवशी चिठ्ठीकडे न बघता बोट जातं त्या दिवशी चिठ्ठी काढायची. माझी मुलगी याला 'आईचं व्रत' म्हणते.

आपल्यापैकी जे इंजिनिअरिंगला गेले त्यांना निळ्या पडद्यावरचं टर्बो सी आठवत असेल. कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के, मग कंट्रोल-के-सी, आणि ओळींच्या अख्ख्या गठ्ठ्याची नक्कल दुसरीकडे. ही बटणं अशी का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ती वर्डस्टार नावाच्या १९७८ च्या सॉफ्टवेअरमधून आली होती. त्या काळच्या कित्येक कीबोर्डांवर बाणांची बटणंच नसायची, म्हणून सगळं कंट्रोल आणि अक्षरांवर भागवलेलं. तशीच गोष्ट व्हीआय या एडिटरची. बिल जॉय यांनी तो १९७६ मध्ये बर्कलीत लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं, आणि त्यावर एच, जे, के, एल या अक्षरांवरच चार बाण छापलेले होते. ते टर्मिनल कधीच इतिहासजमा झालं. पण आजही हजारो प्रोग्रॅमर खाली जायला जे आणि वर जायला के दाबतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते टर्मिनल चित्रातही पाहिलेलं नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या ओव्या जशा, तशी ही बोटांची परंपरा. कट-कॉपी-पेस्ट सुद्धा कुणीतरी बसून ठरवलं आहे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी. टेस्लर २०२० मध्ये गेले. आपण दिवसातून शंभर वेळा त्यांनी घडवलेली सवय वापरतो आणि नाव माहीत नसतं.

हे सगळं फक्त प्रोग्रॅमरांसाठी आहे असं समजू नका. आपल्यातले सात-आठ जण शिक्षक आहेत, चार बँकेत आहेत. 'सरल'वर माहिती भरताना एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब आणि मागे यायला शिफ्ट-टॅब. एक्सेलमध्ये आजची तारीख हवी तर कंट्रोल आणि अर्धविराम. बेरजेला आल्ट आणि बरोबरचं चिन्ह. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेली खिडकी परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी. हा शेवटचा ऐकून मघाशी एकाने टाळी वाजवली, त्यावरून अनुभव दिसतो.

आमच्या टीममध्ये एक दृष्टिहीन तरुण आहे. एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, आणि इतक्या भरभर की मला त्यातला एक शब्द कळत नाही. माऊस त्याच्या काही उपयोगाचा नाही. त्याचं सगळं काम बटणांवर चालतं. पुढची चूक कुठे आहे, एफ-८. मूळ कुठे आहे, एफ-१२. अवघड, गुंतागुंतीचा कोड आला की मी त्याला शेजारी बोलावते, कारण त्याच्या डोक्यात त्या कोडचा नकाशा माझ्याहून पक्का असतो. माझ्यासाठी जी सोय आहे तोच त्याचा रस्ता आहे. कंपनीत नवं साधन घ्यायचं ठरलं की मी पहिला प्रश्न विचारते, हे माऊसशिवाय चालतं का? दोन वेळा त्यावरून साधनच बदलावं लागलं.

आता तुमच्यातल्या काहींची मुलं संगणक शाखेत आहेत आणि ती विचारतात, आता एआयच कोड लिहितो, मग हे कशाला? प्रश्न योग्य आहे. तो लिहितो हे खरंच. मी रोज वापरते. पण त्याने दोन मिनिटांत तीनशे ओळी लिहिल्या की त्या तीनशे ओळी बरोबर आहेत का हे कुणीतरी बघायला लागतं, आणि ११ रुपयांचा फरक पडला तर ग्राहकाला उत्तर माणूसच देतो. लिहिणं कमी झालं तेवढं वाचणं वाढलं. म्हणून लिहिण्याचे शॉर्टकट मुलांनी नाही शिकले तरी चालेल असं मी सांगते. वाचण्याचे मात्र आता जास्त लागतात.

आणि आता निधीकडे येते.

दरवर्षी नव्याने लागलेली मुलं काही आठवडे माझ्याकडे शिकायला असतात. गेल्या वर्षी त्यात एक मुलगी होती, लहान गावातल्या कॉलेजातून आलेली, मराठी माध्यमातली. कागदावर तिचं तर्कशास्त्र सगळ्यांत स्वच्छ. पण पडदा सगळ्यांना दाखवत काम करायची वेळ आली की ती माऊस घेऊन याद्या धुंडाळायची, आणि तिसऱ्या यादीपर्यंत आपण काय शोधत होतो तेच निसटायचं. बाकीची मुलं एकमेकांकडे बघून हसायची. शॉर्टकटचं हे मला अजिबात न आवडणारं रूप आहे: ज्याला येतो तो हुशार, ज्याला येत नाही तो गावंढळ. शॉर्टकट पाठ असल्याने कुणी चांगला प्रोग्रॅमर होत नाही, हे मी त्या मुलांना त्याच दिवशी ऐकवलं. नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे एका मशीनवर तिघं बसायचो. कीबोर्ड पहिल्यापासून मुलांकडे. मी बघायचे आणि वहीत लिहायचे." सहा आठवड्यांत तिने सहा चिठ्ठ्या लावल्या आणि काढल्या. आज त्या गटात किचकट चुकांचा माग काढायला तिलाच बोलावतात. तिच्यात काही कमी नव्हतं. तिच्या बोटांना चार वर्षं बटणंच मिळाली नव्हती.

आज सकाळी मी आपल्या शाळेची संगणक खोली बघून आले. १२ संगणक आहेत, त्यातले ९ चालू आहेत. नववीच्या तुकडीत ५४ मुलं. एका संगणकामागे सहा. पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटंसुद्धा पूर्ण येत नाहीत, आणि तीही सारखी वाटली जात असतील तर. शिक्षकांचा यात दोष नाही. नऊ मशीन आणि चौपन्न मुलं यातून कुणी काय काढणार?

समितीपुढे मोठ्या डिजिटल फळ्याचा प्रस्ताव आहे. तो आणणाऱ्या मित्राचा हेतू चांगला आहे आणि फळ्यावर दात्यांची नावंही शोभून दिसतील. पण तो फळा एका वेळी एकाच माणसाच्या हातात असतो, शिकवणाऱ्याच्या. बाकीचे चौपन्न बघणारे. बघून पोहायला येत नाही, आणि बघून हा विषयही येत नाही. त्याच पैशांत कंपन्यांमधून बदलून काढलेले, चालू स्थितीतले जुने डेस्कटॉप बरेच येतील. त्यांवर लिनक्स आणि हा एडिटर, दोन्हींना पैसे पडत नाहीत. मराठी टायपिंगही त्यातच असतं, इनस्क्रिप्ट पद्धतीचं. तिच्यात पाय मोडण्याचं चिन्ह डी या बटणावर आहे, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, जिथे बोट आधीच टेकलेलं असतं. जोडाक्षरं आपल्याला पावलोपावली लागतात हे ओळखून कुणीतरी ती जागा दिली आहे. नववीतल्या मुलीने आपल्या भाषेतला निबंध त्या खोलीत कीबोर्डकडे न बघता लिहावा, एवढं मला हवंय. एफ-१२ ती पुढे आठवड्यात शिकेल.

माझा प्रस्ताव तीन ओळींचा आहे. डिजिटल फळ्याऐवजी संगणक. एका संगणकामागे दोनपेक्षा जास्त मुलं नकोत. आणि दर दहा मिनिटांनी घंटा देऊन खुर्च्यांची अदलाबदल, म्हणजे कीबोर्ड कुणा एकाच्या मालकीचा होणार नाही. पहिले तीन महिने महिन्यातून दोन शनिवार मी पुण्याहून येऊन हा तास घेईन. मुख्याध्यापक सरांशी सकाळी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. जुने डेस्कटॉप मिळवून द्यायला कुणाच्या ओळखी असतील तर जेवणाच्या आधीच मला सांगा, म्हणजे बैठकीत आकडा मांडता येईल. आणि कंट्रोल-शिफ्ट-टी ज्यांना पुन्हा बघायचाय त्यांच्यासाठी लॅपटॉप त्या कोपऱ्यातल्या टेबलावर उघडून ठेवला आहे. माऊस मी मुद्दाम आणलेला नाही.